सारखा ट्रिप होणारा फीडर

मी वायरमन आहे. आता आम्हाला 'जनमित्र' म्हणतात, पण पावसात लाइट गेली की लोक जे म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, तीन खोल्यांचं घर, म्हातारी आई, बायको, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. हे थोरल्याबद्दल आहे. लिहून झाल्यावर त्यालाच आधी वाचायला दिलं. त्याने दोन ठिकाणी खोडलं आणि एका ठिकाणी समासात लिहिलं, 'पप्पा, असं नव्हतं.' ती जागा आली की सांगतो.

जून २०२० मध्ये तो आठवीत गेला. शाळा मार्चपासूनच बंद, वर्ग मोबाइलवर. हप्त्यावर साडेनऊ हजारांचा फोन घेतला. घरात रेंज नव्हती म्हणून तो गच्चीत पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसायचा. दहा ते बारा वर्ग. बाराच्या पुढे काय, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. कोरोनात सगळं जग घरी होतं, आम्ही मात्र रोज खांबावर.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जी बंद केली तेव्हा मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आठ दिवसांत त्याच्या फोनवर दुसरा खेळ आला. तसलाच: विमानातून उडी मारायची, बेटावर बंदुका गोळा करायच्या, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. मी म्हटलं, शाळा उघडू दे, आपोआप सुटेल.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडली आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. पहिला महिना बरा गेला. मग पोट दुखायला लागलं. मग डोकं. मग नुसतंच 'जात नाही'. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. आंघोळ तीन-तीन दिवस नाही. ताट खोलीत घेऊन जायचा आणि अर्धं परत यायचं. धाकटीने काही विचारलं तर अंगावर धावून जायचा. रात्रभर जागा आणि दुपारी बारापर्यंत मेल्यासारखा झोपलेला. पाहुणे, शेजारी, ऑफिसातले, सगळ्यांचं निदान एकच: मोबाइल. माझंही तेच होतं.

२०२२ चा जुलै. पावसाळा म्हणजे आमचा हंगाम. रात्री अडीचला खांबावरचा एक जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, बांधून घरी आलो, ओट्यावर रेनकोट काढत होतो. आतून बोलणं ऐकू आलं, हिंदीत. "तू रुक, मैं कव्हर देता हूँ. कोई अकेला नहीं जाएगा. मेरे पीछे आओ." आवाज माझ्या पोराचा, पण असा मी कधी ऐकला नव्हता. ठाम, न अडखळणारा. घरात 'हं' आणि 'नको' याच्या पुढे न जाणारा मुलगा कुणाला तरी हुकूम देत होता आणि पलीकडचे ऐकत होते. खोटं कशाला सांगू, मिनिटभर बरं वाटलं. पाण्याने निथळत मी तिथेच उभा राहिलो.

मग घड्याळ बघितलं आणि डोकं फिरलं. मीटरपाशी गेलो आणि घराचा फ्यूज काढला. माझा धंदाच तो. फोन बॅटरीवर चालतो आणि नेट सिमकार्डावर, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी काढला. अंधारात खोलीत शिरलो आणि फोन हिसकावला. त्याने माझ्यावर हात उचलला नाही. शेजारचा तांब्या भिरकावला, शोकेसची काच फुटली. मग खाली बसला आणि थरथरायला लागला. शॉक लागून सुटलेला माणूस मी पाहिलेला आहे, तसा. एकच वाक्य बोलला, "तुम्ही माझ्या माणसांसमोर बंद केलंत."

माझी माणसं! दुसऱ्या दिवशी हे वाक्य मी सबस्टेशनवर तिघांना सांगितलं आणि आम्ही चौघं हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

पुढचे दोन महिने भराभर सांगतो, कारण त्यात काही शहाणपणा नाही. फोन अकरा दिवस कपाटात कुलपात ठेवला. त्याने जेवण सोडलं आणि संध्याकाळी मित्राच्या फोनवर जाऊन बसायला लागला. मेव्हणा एका देवर्षीकडे घेऊन गेला, अंगारा आणि पाचशे एक रुपये. एकाने सांगितलं, हॉस्टेलला टाका. एकाने सांगितलं, दोन ठेवून द्या. ते मी आधीच करून बसलो होतो.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, पोरगं बिघडलेलं नाही, आजारी आहे. तुम्ही येणार असाल तर या, नाहीतर मी घेऊन जाते." तिला आशाताईने सांगितलं होतं की ग्रामीण रुग्णालयात वयात आलेल्या मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं. मी वर्षानुवर्षं त्या रुग्णालयाची लाइन बघतोय, पाटी कधी वाचली नव्हती. तिथल्या समुपदेशक बाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

मिरजेच्या त्या डॉक्टर बाईंनी आम्हाला आधी बाहेर बसवलं. चाळीस मिनिटं त्या एकट्याशीच बोलत होत्या. तेवढ्या वेळात मी काय केलं? मोबाइलवर रील्स बघितल्या. हे त्यांनी नंतर बरोबर पकडलं, कारण नर्सने मला आणि मुलाला एकच छापील फॉर्म भरायला दिला. वीस प्रश्न, प्रत्येकाला पाचपर्यंत गुण. किंबर्ली यंग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ मध्ये तयार केलेली चाचणी. 'थोडाच वेळ बघू' म्हणून ठरवलेल्यापेक्षा जास्त वेळ जातो का, कुणी मध्ये आलं तर चिडता का, झोप मोडते का, असलं सगळं. मुलाचे अडुसष्ट आले. माझे सेहेचाळीस.

"हा तापमापक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ताप किती ते सांगतो, कशाचा ते नाही." मग त्यांनी समजावलं ते असं. इंटरनेटचं व्यसन हा शब्द सगळे वापरतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तसा वेगळा आजार नाही. यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात २०१३ पासून तो 'अजून अभ्यास हवा' अशा खान्यात आहे. यादीत नुसते तास मोजत नाहीत. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा यावरचा ताबा गेलाय का? बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो का? नुकसान दिसत असूनही चालूच राहतो का? आणि हे साधारण वर्षभर चाललंय का? दिवसाला पाच तास खेळणारा एखादा मुलगा यात बसत नाही आणि तीन तासांचा बसतो.

नंतर त्यांनी आवाज जरा खाली घेतला. "त्याला विचारून, त्याच्या परवानगीने सांगते. जगणं नको वाटतं, असं त्याच्या मनात येतं. ठरवलेलं काही नाही, ते मी नीट विचारलंय. पण येतं."

इथे मी आधी लिहिलं होतं, 'हे ऐकून पोरगं रडायला लागलं.' त्याने समासात लिहिलंय, 'पप्पा, असं नव्हतं. रडला तुम्ही. मी खिडकीतून रिक्षा मोजत होतो.'

बरोबर आहे त्याचं. मी डॉक्टरांना विचारलं होतं की असं तोंडावर विचारल्याने नसलेलं डोक्यात येणार नाही का. त्या म्हणाल्या, विचारल्याने येत नाही, उलट बोलायला जागा मिळते. न विचारल्याने माणूस एकटा पडतो. त्या दिवसापासून घरातली कीटकनाशकं, गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि त्याला रात्री एकटं सोडायचं नाही, असं सांगून सोडलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या फ्रिजवर तो गॅस एजन्सीच्या नंबरखाली चिकटवलेला आहे.

निदान तीन ओळींचं होतं: नैराश्य, लोकांसमोर बोलण्याची भीती आणि त्यावर चढलेलं गेमिंग. मी विचारलं, आधी काय? त्या म्हणाल्या, दोन्ही एकमेकांना खाऊ घालतात. झोप गेली की मन पडतं, मन पडलं की स्क्रीनकडे हात जातो, स्क्रीनमुळे पुन्हा झोप जाते. काही मुलांत खेळ आधी आणि उदासी नंतर. काहींना मुळात लक्ष एका जागी ठरत नाही, तो वेगळाच आजार असतो आणि खेळात तेवढं ते ठरतं. तुमच्या मुलाचं काय ते शोधायला वेळ लागेल.

एक गोळी रोज सकाळी. फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतील, असं सांगितलेलं होतं. आणि दर शनिवारी तिथल्याच मानसशास्त्रज्ञ ताईंकडे बसायचं. दर शनिवारी म्हणजे एसटीने दीड तास जाऊन दीड तास यायचं. ऑफिसात साहेबांना खरं कारण सांगितलं आणि सुट्ट्या जुळवल्या. पहिले दोन शनिवार बाप-लेक शेजारी बसून शब्द नाही. तिसऱ्या शनिवारी बसने ब्रेक मारला, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आपटलं आणि तसंच झोपेत राहिलं. तासगावपर्यंत मी हललो नाही.

ताईंनी त्याला शंभर पानी वही दिली होती. चार रकाने: कधी खेळलो, किती वेळ, त्याच्या आधी काय चाललं होतं, मनात काय होतं. कमी खेळ म्हणून कुणी सांगितलंच नाही. फक्त लिही. मला हे थेर वाटलं होतं. एवढ्या लांब येऊन, पैसे मोजून, पोराने कधी खेळलो ते लिहायचं?

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी वही आमच्यासमोर ठेवली आणि सोमवार-बुधवारच्या रात्रींखाली पेन्सिलने रेघा ओढल्या. त्या दोन रात्री तो पहाटे चार-चारपर्यंत खेळलेला. बाकीच्या रात्री बारा, साडेबारा. शाळेचं वेळापत्रक काढलं. मंगळवारी आणि गुरुवारी पहिला तास मराठी. मराठीच्या तासाला प्रकट वाचन.

आमच्याकडे अकरा केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून निघणारी लाइन, सारखा ट्रिप होत असेल, आपोआप बंद पडत असेल, तर नुसती पुन्हा पुन्हा वीज सोडून, म्हणजे चार्ज करून, बघत नाहीत. खांबांवरचे एबी स्विच उघडून लाइनचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा चार्ज करायचा, ज्यात ट्रिप होईल त्यात फॉल्ट. मग त्या तुकड्यात चालत जायचं, एकेक खांब बघत. वीस वर्षं मी हेच करतोय. पोराच्या बाबतीत थेट मेन स्विचच ओढत बसलो होतो.

फॉल्ट सापडला तो असा. शाळा उघडल्यावर, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मराठीच्या सरांनी त्याला उभं करून धडा वाचायला सांगितला. दोन वर्षांत मोठ्याने वाचायची सवय गेलेली, आवाज फुटत होता, अंग वाढलेलं. एका जोडाक्षरावर अडकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकला. मागून कुणीतरी म्हणालं, "बफरिंग." वर्ग हसला. सरही हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव बफरिंग. मैदानात बफरिंग, ट्यूशनला बफरिंग, सायकल स्टँडवर बफरिंग. दहा महिने. आणि रात्री हेडफोन घातला की कुठल्या तरी बिहारच्या, नेपाळच्या पोरांचा तो 'भाई' होता, त्यांना कव्हर देत होता. माझी माणसं, तो म्हणाला होता.

शाळेत बायको गेली. मी गेलो असतो तर भांडण झालं असतं. मुख्याध्यापिका बाईंनी ऐकून घेतलं आणि त्याला काही दिवस वाचायला उभं करणार नाही असा शब्द दिला, तो पाळला. सर काही बोलले नाहीत. मीही त्यांना गाठलं नाही.

फोनचे नियम ताईंनी घरातल्या सगळ्यांना लावले. किती वाजता झोपायचं यावर त्यांचा भर नव्हता, किती वाजता उठायचं यावर होता. या वयात शरीराची झोप मुळातच उशिरा सरकते, साडेनऊला झोप म्हटलं तर तो छत बघत पडेल. म्हणून सकाळी साडेसहाला उठणं पक्कं, रविवारीसुद्धा, आणि उठल्यावर अर्धा तास उन्हात. रात्री दहाला घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी. मी म्हटलं, मला ड्यूटीचा फोन येतो. ताई म्हणाल्या, मग ड्यूटीपुरता घ्या. बाराशे रुपयांचा किपॅड फोन घेतला. पहिल्या रात्री अंथरुणावर माझा अंगठा उशीशेजारी आपोआप फिरत होता, बायकोने दाखवलं. दोन-तीन वेळा पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. तिसऱ्या वेळी तिथे पोरगं उभं होतं, तेही पाणीच प्यायला आलेलं.

खेळ पूर्ण बंद केला नाही. तसं करा म्हणून मीच मागे लागलो होतो. पण ताईंनी त्याला एकदा कागदावर मांडायला लावलं की हा खेळ तुला कसा धरून ठेवतो. त्यानेच लिहिलं: रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. सीझन संपला की रँक खाली येतो, पुन्हा चढायचं. पेटी उघडली की कधी काही निघतं, कधी काहीच नाही. हे शेवटचं वाचल्यावर मला लख्ख कळलं. आमच्या भागात मटक्याने घरं बसलेली मी पाहिली आहेत. आकडा रोज लागला असता तर कुणी वेडा झाला नसता. कधीतरी लागतो म्हणूनच माणूस लावत राहतो.

२०२२ च्याच ऑक्टोबरात नात्यातल्या एका कामासाठी कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावला गेलो होतो. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला. टीव्ही बंद, मोबाइल बंद, दीड तास. १५ ऑगस्टपासून गावाने हे सुरू केलं होतं, पेपरातही आलं होतं. पोरं वह्या घेऊन बसली, बायका कट्ट्यावर. माझ्या पोराच्या हातात फोन होता, त्याने इकडेतिकडे बघून खिशात ठेवला. साडेआठला पुन्हा भोंगा झाला तरी काढला नाही. परतताना मी म्हटलं, आपल्या घरावरही एक भोंगा बसवू. तो म्हणाला, "तिथे सगळ्यांचेच बंद असतात, पप्पा. कुणी ऑनलाइनच नसेल तर आपल्यावाचून काय अडणार? इथे माझा एकट्याचा बंद केला की मीच गेलो." मला यावर उत्तर सुचलं नाही.

दिवाळीत मी एक मोठी चूक केली. पोरगं हसत होतं, किल्ला केला, फराळ खाल्ला. मी म्हटलं, झालं बरं, कशाला गोळ्या, आणि बंद केल्या. पाचव्या दिवशी चक्कर, चिडचिड, झोप गायब. डॉक्टर फोनवर रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज मला पुरला. या गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात, हळूहळू उतरवायच्या असतात आणि तेही त्या सांगतील तेव्हा. त्याच्या गोळ्या पुढे वर्षभर चालल्या.

वाचनाची शिडी ताईंनी बनवली. पहिली पायरी, धाकटीला गोष्ट वाचून दाखवायची. ती हसली तर? ती हसलीच. पण ती त्याची चूक सोडून गोष्टीतल्या माकडाला हसत होती. दुसरी पायरी, आजीला पेपर. माझ्या आईला मोतीबिंदू, तिला अक्षर दिसत नाही आणि निधनवार्ता सगळ्या लागतात. रोज संध्याकाळी सातला तो ओट्यावर बसून आसपासच्या गावांत कोण वारलं ते खणखणीत आवाजात वाचायचा. नैराश्याच्या पोराला निधनवार्ता! मी ताईंना घाबरत सांगितलं, तर त्या खूप हसल्या. तो अडकला की आई म्हणायची, "असू दे, त्याला कुठं घाई आहे आता." तिसरी पायरी, रिकाम्या वर्गात एकट्या मुख्याध्यापिकांसमोर. चौथी, दोन मित्रांसमोर.

जानेवारीत घसरला. पूर्वपरीक्षेच्या आधी बायकोच्या फोनवरून चोवीसशे रुपयांचे डायमंड, म्हणजे खेळातलं चलन, घेतले आणि चार रात्री चुलतभावाच्या फोनवर काढल्या. मी पुन्हा मीटरकडे बघितलं, खोटं सांगत नाही. डॉक्टर म्हणाल्या, घसरण धरूनच चालायचं, वही काढा. वहीत होतं: 'तोंडी परीक्षा.' दहावीची तोंडी परीक्षा मी साफ विसरलो होतो.

फेब्रुवारीच्या एका गुरुवारी त्याने वर्गात परिच्छेद वाचला. अकरा ओळी, दोनदा अडखळला. घरी येऊन सांगितलं, "कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं." मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा दिली, एकसष्ट टक्के. एकेकाळी मी नव्वदीची भाषा करायचो.

आता तो अठराचा आहे. बफरिंग म्हणणारे अजून आहेत, तो आता ऐकून सोडतो. काही दिवस उठायला जड जातं, तेव्हा स्वतःच सांगतो. रविवारी दुपारी दोन तास खेळतो, त्याच जुन्या टोळीबरोबर. सबस्टेशनवर एकाची मुलगी बाथरूममध्ये फोन घेऊन बसते म्हणून त्याने परवा मला बाजूला घेतलं, "तुझ्या पोराचं कसं सुटलं?" मी त्याला आधी विचारलं, शाळेत काय चाललंय तिचं? त्याला माहीत नव्हतं.

गेल्या रविवारी पोराला म्हटलं, मलाही शिकव. त्याने बायकोच्या फोनवर खेळ टाकला, मला टोळीत घेतलं, हेडफोन दिला. विमानातून मी उडी मारली ती थेट नदीत. बाहेर आलो तर गोळ्या. बिहारच्या पोराने विचारलं, "भाई, ये कौन है?" माझा मुलगा म्हणाला, "पापा हैं. नये हैं." आणि मग मला मराठीत, "पप्पा, पळू नका. गवतात झोपा. हलू नका, मी येतोय."

मी गवतात झोपलो. तेवढ्यात मिसळणाच्या डब्याशेजारचा किपॅड वाजला. गावठाणाचा फीडर गेला होता. फोन धाकटीच्या हातात देऊन मी हँडग्लोव्हज शोधायला उठलो.